किल्ली जवळ आहे, हे गाडीला कसं कळतं?

सेल बदलायचा म्हणून गाडीच्या किल्लीचं प्लास्टिकचं कवच नखानं उचकटलं. आत नाण्याएवढा सेल, छोटंसं सर्किट आणि त्याच्या कोपऱ्यात एक काळा चौकोनी ठोकळा होता. ठोकळ्यावर केसासारखी बारीक तांब्याची तार तीन दिशांनी गुंडाळलेली. तीन कशाला? तर खिशात किल्ली कशीही पडते, उलटी, तिरकी, आडवी. ती कशीही असली तरी एका तरी वेटोळ्याला गाडीची हाक ऐकू यायला हवी. थोडक्यात, तो ठोकळा म्हणजे किल्लीचा कान.

जुन्या बटणाच्या रिमोटला असा कान लागत नसे, कारण तो नुसता बोलायचा. सुरुवातीचे रिमोट तर दर वेळी एकच कोड पाठवायचे. कुणी तो टिपून पुन्हा वाजवला की दार उघडायचं. मग बदलता कोड आला. किल्ली आणि गाडी या दोघींकडे एकच गुप्त आकडा असतो आणि एक मोजणी असते. बटण दाबलं की मोजणी एकानं पुढे सरकते आणि तिच्यावरून नवा कोड तयार होतो. एकदा वापरलेला कोड गाडी पुन्हा घेत नाही. घरात पोरानं खेळता खेळता दहा वेळा बटण दाबलं तरी बिघडत नाही, कारण पुढचे काही कोड गाडी चालवून घेते. 'कीलॉक' या गाजलेल्या पद्धतीत साधारण १६.

हँडलला हात लावताच उघडणाऱ्या गाडीत मात्र आधी गाडी बोलते. तिच्या दारांत आणि डिकीपाशी लपवलेले अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक देतात. हाकेत एक आयत्या वेळी निवडलेली संख्या असते. किल्ली गुप्त आकडा वापरून त्या संख्येचं उत्तर काढते आणि ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्झवर परत पाठवते. उत्तर जुळलं की खट्कन लॉक उघडतं. (सेल मेला तर? किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून बघा. बऱ्याच गाड्यांत किल्लीतली एक चिप गाडीच्याच चुंबकीय क्षेत्रावर जागी होते. युरोपात १९९८पासून नव्या मोटारींना सक्तीचा झालेला इमोबिलायझर, म्हणजे खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा, याच तत्त्वावर चालतो.)

उत्तर जुळलं म्हणजे किल्ली आपलीच, एवढं गाडीला कळलं. पण ती आत्ता दारापाशी आहे की तिसऱ्या मजल्यावर खुंटीला, हे कशावरून? इथे अभियंत्यांनी निसर्गाचा एक नियम कामाला लावला. अँटेनाजवळचं हे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात ओसरतं. अंतर दुप्पट केलं की जोर एक-अष्टमांश, चौपट केलं की एक-चौसष्टांश. त्यामुळे दीड-दोन मीटरपलीकडे किल्ली बहिरी होते. म्हणजे उत्तर आलं तर किल्ली जवळच असणार, असं गाडी धरून चालते. मोजत ती काहीच नाही.

चोरांनी नेमकं एवढंच हेरलं. एक जण गाडीच्या दाराशी उभा राहतो, दुसरा पिशवीत मोठं तारेचं वेटोळं घेऊन घराच्या दाराजवळ. पहिला हँडलला हात लावतो, गाडी हाक देते, त्याच्याजवळचं यंत्र ती उचलून दुसऱ्याकडे पोचवतं आणि दुसरा ती भिंतीपलीकडच्या किल्लीला ऐकवतो. किल्ली इमानेइतबारे उत्तर देते. दार उघडतं, त्याच रीतीनं इंजिनही सुरू होतं. पुढे किल्ली लांब गेली तरी गाडी इंजिन बंद करत नाही, कारण धावती गाडी रस्त्यात मध्येच बंद पडणं चोरीपेक्षा घातक.

यात कोणी कोड फोडलेला नाही, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी १९७६ मध्ये सांगितलेली गंमत अशी : बुद्धिबळ न येणारी मुलगीही टपालानं दोन ग्रँडमास्टरांशी एकदम खेळू शकते. एकाची खेळी दुसऱ्याला कळवायची, दुसऱ्याची पहिल्याला. दोघांशी हरणं तिला शक्यच नाही. किल्लीचं गणित कितीही अवघड करा, निरोप पोचवणाऱ्याला ते सोडवावं लागतच नाही. २०११ मध्ये झुरिकच्या 'ईटीएच' विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर हा प्रयोग केला. दहाही गाड्या फसल्या.

आणि अलार्म? धक्का, काच फुटणं, गाडी एका बाजूनं उचलली जाणं, आतल्या हालचालीमुळे बदलणारे अल्ट्रासाउंडचे पडसाद, यातल्या कशानंही तो कोकलतो. पण इथे त्याच्या लेखी मालकच आलेला असतो, त्यामुळे तो मुकाट राहतो.

मग गाडी उत्तराला लागलेला वेळ का मोजत नाही? १२५ किलोहर्ट्झच्या लहरीचं एक आंदोलन ८ मायक्रोसेकंदांचं, आणि तेवढ्यात प्रकाश २.४ किलोमीटर जातो. अशा लहरीवर चार मीटर की चाळीस हे ओळखायचं म्हणजे गावाच्या नकाशावर मुंगी शोधण्यासारखं. नव्या गाड्यांतलं अल्ट्रा-वाइडबँड तंत्र म्हणून दोनेक नॅनोसेकंदांचे आखूड स्पंद वापरतं. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेमतेम ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे किल्ली कुठे आहे हे वीतभर फरकानं कळू शकतं. मध्ये कुणी निरोप्या आला तर वाट लांबते, वेळ वाढतो. वेळ कमी करणं त्याच्या हातात नसतं, प्रकाशापेक्षा वेगानं निरोप नेणार कसा?

ज्यांच्या गाडीत हे नाही त्यांच्यासाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आहेच. किल्ली त्यात टाकून डबा गाडीजवळ न्या आणि हँडल ओढून बघा. दार उघडलं तर डबा बदला. काही किल्ल्यांत हालचाल ओळखणारी चिपही असते. किल्ली काही मिनिटं निश्चल पडून राहिली की तिचा कान बंद होतो. उपाय साधा आहे, आधीच सुचायला हवा होता.

अर्थात चोर दारातूनच येईल असं नाही. २०२३ मध्ये उजेडात आलेल्या एका पद्धतीत तो बंपर सैल करून हेडलाइटपर्यंत पोचतो. तिथल्या दोन तारा गाडीच्या आतल्या संगणकांच्या जाळ्याच्या असतात. त्यांना तो यंत्र जोडतो आणि 'किल्ली तपासली, ठीक आहे' असा संदेश थेट आत सोडतो. सापडलेलं असं एक यंत्र ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात बसवलेलं होतं.