ब्रोडी, फॉन मॅके

ब्रोडी, फॉन मॅके : (१५ सप्टेंबर १९१५ – १० जानेवारी १९८१). अमेरिकन चरित्रकार. जन्म यूटा राज्यात ऑग्डन येथे. बालपण जवळच्या हंट्सव्हिल गावी, मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाच्या एका मातब्बर घराण्यात गेले. चुलते डेव्हिड ओ. मॅके पुढे मॉर्मन चर्चचे अध्यक्ष झाले, तर आजोबा जॉर्ज ब्रिमहॉल हे ब्रिगम यंग विद्यापीठाचे अध्यक्ष होते. शिकागो विद्यापीठातून एम.ए. झाल्यावर फॉन यांनी १९३६ मध्ये बर्नार्ड ब्रोडी या ज्यू तरुणाशी विवाह केला.

पंथसंस्थापक जोसेफ स्मिथ यांचे चरित्र ‘नो मॅन नोज माय हिस्टरी’ (१९४५) हे त्यांचे पहिले आणि सर्वांत धाडसी पुस्तक. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा पंथाचा धर्मग्रंथ म्हणजे सोन्याच्या पत्र्यांवरील प्राचीन लेखांचा ईश्वरी साहाय्याने झालेला अनुवाद, अशी अनुयायांची श्रद्धा. ब्रोडींनी तो स्मिथ यांच्याच विलक्षण प्रतिभेतून उतरला असे मांडले आणि परिशिष्टात त्यांच्या ४८ पत्नींची यादी दिली. १९४६ मध्ये चर्चने ब्रोडींना बहिष्कृत केले. २०१४ मध्ये मात्र चर्चने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही संख्या ३० ते ४० असावी असा अंदाज दिला.

थॅडियस स्टीव्हन्स या अमेरिकन राजकारण्याच्या चरित्रानंतर (१९५९) त्यांनी इंग्रज प्रवासी-लेखक रिचर्ड बर्टन यांचे चरित्र (१९६७) लिहिले. मुंबई इलाख्याच्या फौजेत असताना मराठी शिकलेले आणि गोव्यावर लिहिणारे बर्टन ते हेच. १८६० मध्ये ते मॉर्मनांचे सॉल्ट लेक सिटीही पाहून आले होते.

मोठे वादळ उठले ते ‘टॉमस जेफरसन : ॲन इंटिमेट हिस्टरी’मुळे (१९७४). अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना त्यांच्या गुलाम सॅली हेमिंग्ज यांच्यापासून मुले झाली, असे ब्रोडींचे प्रतिपादन होते. सॅलींचे पुत्र मॅडिसन यांनी १८७३ मध्ये हेच छापील निवेदनात सांगितले होते, पण इतिहासकारांनी ते कानाआड केले. ब्रोडींनी ते साक्ष म्हणून वाचले. मान्यवर जेफरसन-अभ्यासक तुटून पडले. १९९८ च्या डीएनए चाचणीत सॅलींचे धाकटे पुत्र एस्टन यांच्या वंशजाचा धागा जेफरसन घराण्यातील पुरुषांशी जुळला आणि आज बहुतेक इतिहासकार हे पितृत्व मान्य करतात.

ब्रोडींवरचा एक आक्षेप मात्र रास्त आहे : मनोविश्लेषणाच्या आधारे त्या कधीकधी पुराव्याच्या पुढे धावतात. त्यांचे बळ दुर्लक्षितांची साक्ष गंभीरपणे घेण्यात होते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्या इतिहासाच्या प्राध्यापक होत्या. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे चरित्र त्यांनी कर्करोगाशी झुंजत लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर १९८१ मध्येच प्रसिद्ध झाले.