हात लागलेलं पिल्लू आई टाकून देते का?

"पिल्लाला माणसाचा हात लागला की पक्षीण त्याला टाकून देते." शिमगा जवळ आला की हा मेसेज हमखास फिरतो. साताऱ्यात याच सुमारास परसातल्या जास्वंदीत, कढीपत्त्यात बुलबुलाची घरटी दिसू लागतात, त्यामुळे काळजी वाटणं साहजिकच.

पण बहुतेक पक्षी पिल्लाला वासावरून नाकारत नाहीत. चिवचिवाट आणि वासलेली चोच एवढं त्यांना पुरतं. कावळा तर आपल्या घरट्यातलं कोकिळेचं पिल्लूसुद्धा भरवतो! पक्षी अभ्यासक पिल्लांना हातात घेतात, पायात कडी अडकवून परत ठेवतात. आईबाप भरवतच राहतात.

या समजात तथ्य आहे ते एवढंच: घरटं बांधताना किंवा अंडी असताना सारखं डोकावलं, तर काही पक्षी घरटं सोडतात. तिथेही कारण वर्दळ, वास नव्हे.

खाली दिसलेलं पिल्लू आधी नीट बघा. उघडंबोडकं, डोळे मिटलेलं असेल तर अलगद घरट्यात ठेवा. अंगभर पिसं, आखूड शेपूट, टुणटुण उड्या असतील तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. त्याला घरात आणू नका. मांजर आवरा, फार तर जवळच्या झुडपात ठेवा.

खात्री करायची तर खिडकीआडून तासभर लक्ष ठेवा. माणूस लांब गेला की चोचीत अळी धरून आईबाप बहुधा येतातच. तोवर चोचीत पाणी मात्र ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.