पीच (सप्ताळू)

पीच हे गुलाबाच्या कुळातलं कठीण कोयीचं फळ, शास्त्रीय नाव प्रूनस पर्सिका. बदाम, जर्दाळू, आलुबुखार ही त्याची भावंडं. नेक्टरीन म्हणून जे विकतात ती वेगळी जात नाही, तो सालीवर लव नसलेला पीचच, एका अप्रभावी जनुकामुळे लव येत नाही एवढाच फरक.

नावातल्या पर्सिकामुळे हे फळ बराच काळ इराणचं समजलं जायचं. 19व्या शतकात स्विस वनस्पतीशास्त्रज्ञ आल्फॉन्स द कांदोलने ते मूळचं चीनचं असल्याची बाजू मांडली, आता त्यावर फारसा वाद उरलेला नाही, वाद आहे तो चीनमध्ये नेमकं कुठे यावर. काहीजण वायव्य चीन धरतात. पण झेजियांग प्रांतातल्या क्वाहूचियाओसारख्या ठिकाणी साधारण 8000 ते 7000 वर्षांपूर्वीच्या कोया मिळाल्यात, पुढच्या थरांत त्या मोठ्या होत जातात आणि तिथल्याच ल्यांगझू या प्राचीन संस्कृतीच्या काळात, म्हणजे सुमारे 5000 वर्षांपूर्वी, जवळपास आजच्यासारख्या दिसतात, त्यामुळे यांगत्झे नदीच्या खालच्या खोऱ्याचं पारडं जड वाटतं. भारताबद्दल ह्युएन त्संग सांगतो की कनिष्काच्या दरबारात आलेल्या चिनी ओलिसांनी हे झाड पंजाबात आणलं. पण त्याने हे जवळपास 500 वर्षांनंतर लिहिलंय, तेव्हा परंपरा म्हणूनच घ्यावं. आज हिमाचल (विशेषतः राजगड), उत्तराखंड, काश्मीर आणि पंजाबात लागवड आहे. कळ्या फुटायला हिवाळ्यात ठराविक तास चांगली थंडी लागते, म्हणून महाराष्ट्रात तो बहुतेक उत्तरेकडूनच येतो. पंजाबात शान-ए-पंजाबसारख्या कमी थंडीच्या जाती चालतात.

100 ग्रॅम गरात साधारण 89 ग्रॅम पाणी, 39 ते 40 कॅलरी, 8 ग्रॅमच्या आसपास साखर, दीड ग्रॅम तंतू, 190 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि 6-7 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. जात आणि पक्वतेप्रमाणे आकडे हलतात. पिवळ्या गरात कॅरोटिनॉइड्स (पिवळी-केशरी रंगद्रव्यं) जास्त, पांढऱ्यात फारच कमी. पॉलिफेनॉल (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) गरापेक्षा सालीत जास्त, तेव्हा लव चोळून धुऊन सालीसकट खाल्लेलं बरं. ॲलर्जी करणारं मुख्य प्रथिनही मात्र सालीतच जास्त असतं आणि शिजवूनही ते सहज नष्ट होत नाही. कोयीच्या आतल्या बियांत अमिग्डॅलिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं, त्या खाऊ नयेत.

साठवणीत बहुतेक घरी एकच गोष्ट चुकते, कडक फळ आणलं की थेट फ्रिजमध्ये. पीच झाडावरून काढल्यावरही इथिलीन या फळातूनच सुटणाऱ्या वायूच्या जोरावर पिकतो, पण साधारण 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये जास्त दिवस राहिला तर पेक्टिन (गराच्या पेशी बांधून ठेवणारा पदार्थ) मोडणाऱ्या विकरांचा ताळमेळ बिघडतो, आणि घरचा फ्रिज नेमका याच पट्ट्यात चालतो. बाहेरून फळ छान दिसतं, बाहेर काढून पिकवून कापलं की गर पिठूळ, कोरडा, कोयीभोवती तपकिरी. शीतगृहात म्हणूनच 0 अंशाच्या आसपास आणि 90 ते 95 टक्के आर्द्रतेत ठेवतात, काही ठिकाणी आधी एक-दोन दिवस 20 अंशांवर मुरवून घेतात. घरी आधी बाहेर कागदी पिशवीत पिकू द्यावं, देठाजवळ दाबल्यावर किंचित दबलं की मगच फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवावं. लाल छटेवर जाऊ नये, ती उन्हाची आणि जातीची, पिकल्याची खूण म्हणजे मागचा हिरवा रंग जाऊन पिवळा किंवा दुधी होणं.

साल काढायची तर खाली फुलीची चीर देऊन उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट आणि लगेच बर्फाच्या पाण्यात, पिकलेल्या फळाची साल बोटांनी सरकते, कच्च्याची चिकटून राहते. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाचा रस. कोय सुटी होणाऱ्या जाती कापायला सोप्या, डबाबंदीला मात्र कोयीला चिकटलेल्या घट्ट गराच्या जाती घेतात कारण त्या पाकात विरघळत नाहीत. बरणीत भरून उकळत्या पाण्यात टिकवायचे असतील तर पिवळ्या गराचेच घ्यावेत. पांढऱ्या गराच्या काही जातींचा पीएच 4.6 च्या वर जातो, म्हणजे आंबटपणा कमी पडतो, तिथे बोट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा) धोका खरा आहे, ते पाकात घालून फ्रीझ करावेत.