व्हेनेझुएलाच्या तेलकोंडीची पार्श्वभूमी

मे-जून २०१८मध्ये व्हेनेझुएलाच्या होसे बंदराबाहेर तेल भरून घेण्यासाठी आलेल्या टँकरांची रांग लागली आणि पीडीव्हीएसए या सरकारी कंपनीला ठरलेला सगळा माल देता येणार नसल्याचे ग्राहकांना कळवावे लागले. या कंपनीच्या तेलव्यापारावर अमेरिकेने थेट निर्बंध घातले ते जानेवारी २०१९मध्ये. त्यामुळे साऱ्या कोंडीचे खापर निर्बंधांवर फोडणे तारखांनाच धरून होत नाही.

घसरणीची खरी सुरुवात २००२-०३च्या संपापासून झाली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांच्याविरुद्धचा हा संप फसल्यावर कंपनीतील सुमारे १८ हजार जणांना काढून टाकण्यात आले आणि त्यांच्याबरोबर विहिरी सांभाळण्याचा अनेक वर्षांचा अनुभवही गेला. पुढे तेलाचे भाव चढल्यामुळे ही उणीव झाकली गेली. पैसा सामाजिक योजनांकडे वळला, देखभाल मागे पडली आणि २००७मध्ये ओरिनोको या तेलसमृद्ध पट्ट्यातील प्रकल्पांचे नियंत्रण सरकारने हाती घेतल्यावर अमेरिकी तेलकंपन्या एक्सॉनमोबिल आणि कोनोकोफिलिप्स यांनी देश सोडला.

या पट्ट्यातले तेल इतके घट्ट असते की नाफ्था (तेल शुद्ध करताना मिळणारा पातळ द्रव) किंवा हलके तेल मिसळल्याशिवाय, अथवा प्रक्रिया करून सुधारल्याशिवाय, ते निर्यातीजोगे होत नाही. देशातील हलक्या तेलाचे उत्पादन घटत गेले तसे मिसळण्यासाठी लागणारे हे पातळ तेल डॉलर मोजून बाहेरून आणावे लागू लागले. मात्र चीनला जाणारे बरेचसे तेल जुन्या कर्जाच्या फेडीत जात असल्याने त्यातून रोकड हाती येत नव्हती. अशा वेळी, नोव्हेंबर २०१७मध्ये, तेलधंद्याचा अनुभव नसलेले मेजर जनरल मॅन्युएल क्वेवेदो कंपनीचे प्रमुख झाले.

ओरिनोकोतील प्रकल्प गमावल्याबद्दल लवादाने मंजूर केलेली सुमारे दोन अब्ज डॉलरची भरपाई वसूल करण्यासाठी कोनोकोफिलिप्सने मे २०१८मध्ये कॅरिबियन बेटांवरील पीडीव्हीएसएच्या मालमत्तेवर जप्ती आणली. मोठी जहाजे तिथल्या साठवणटाक्यांतून भरली जात, तो भार होसेवर आला. १९९८मध्ये रोज ३० लाख पिंपांहून अधिक असलेले उत्पादन तोवर १५ लाखांच्या खाली आले होते. व्हेनेझुएलातील सान क्रिस्तोबल तेलक्षेत्रात २००८पासून ४० टक्के भागीदार असलेल्या ओएनजीसी विदेश या भारत सरकारच्या कंपनीचा लाभांशही याच काळात वर्षानुवर्षे थकला.