सैंधव, मीठ आणि चरकाने घातलेली मर्यादा

२ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्याच मालाची आयात बंद केली, तेव्हा एरवी कोणाच्या गावीही नसलेली एक गोष्ट बातम्यांत आली. आपल्याकडचे उपवासाचे मीठ, म्हणजे सैंधव किंवा शेंदेलोण, बव्हंशी तिकडच्या पंजाबातल्या खेवड्याच्या खाणींतून येत होते. पुलवामानंतर २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क बसले होतेच, आता दारच बंद झाले. एकादशीच्या साबुदाण्याचे काय, ही काळजी साहजिक होती. पण मागणी आता केवळ उपवासापुरती उरलेली नव्हती. गेल्या काही वर्षांत सैंधव रोजच्या फोडणीत येऊन बसले आहे, आणि त्यामागे एक वाक्य आहे जे घराघरांत ऐकू येते: 'आयुर्वेदात सांगितलंय, सैंधवाने बीपी वाढत नाही, कितीही खा.'

आयुर्वेदात असे सांगितलेले नाही. काय सांगितले आहे आणि तिथून आपण इथवर कसे आलो, हे नीट पाहायला हवे, कारण रक्तदाबाच्या रुग्णाला हे वाक्य महागात पडू शकते.

मूळ जागा आयुर्वेदाच्या चरकसंहिता या प्राचीन ग्रंथाच्या विमानस्थान नावाच्या विभागात आहे, अगदी पहिल्याच अध्यायात. इतर द्रव्यांच्या मानाने जास्त वापरू नयेत अशी तीन द्रव्ये तिथे नावे घेऊन सांगितली आहेत: पिंपळी, क्षार आणि लवण. ही यादी वाईट पदार्थांची नाही. पिंपळी हे वैद्यांचे लाडके औषध, क्षार शस्त्रकर्मापर्यंत कामाला येणारा, आणि मिठावाचून तर पान वाढलेच जात नाही. गुण आहेत म्हणूनच माणूस त्यांच्या आहारी जातो, आणि म्हणून मर्यादा घालायची, असा हा विचार आहे.

मिठाबद्दलचा उतारा मला संपूर्ण ग्रंथातल्या सर्वांत सूक्ष्म उताऱ्यांपैकी एक वाटतो. मीठ उष्ण आणि तीक्ष्ण आहे, ते ओलावा आणते, साचलेले सुटे करते, अन्नाला रुची देते, हे आधी मान्य केले आहे. मग शब्द येतो 'आपातभद्र': सुरुवातीला चांगले वाटणारे. योग्य वापर केला तर गुण देणारे, पण सतत वापरले तर दोषांचा संचय करत जाणारे. अतिसेवनाने ग्लानी, शैथिल्य, दुर्बलता येते. अकाली केस गळतात, पिकतात, सुरकुत्या पडतात. पुढे ग्रंथकार एकेका रोग्याकडून थेट प्रदेशांकडे वळतो. जी गावे, नगरे, जनपदे मिठाचा सतत वापर करतात तिथली माणसे बहुधा गळून गेलेली, मांस-रक्त शिथिल झालेली आणि कष्ट न सोसणारी असतात, असे तो म्हणतो आणि नावे देतो: बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधु, सौवीर. 'ते हि पयसाऽपि सह लवणमश्नन्ति', ते लोक दुधाबरोबरसुद्धा मीठ खातात. लगेच दुसरा दाखला जमिनीचा. अति खारवट जमिनीत झाडे-वेली उगवत नाहीत, उगवल्याच तर निस्तेज राहतात, कारण त्या भूमीला मिठाने मारलेले असते.

दोन हजार वर्षांच्या आसपासचे हे लेखन आहे. यात रक्तदाब नाही, सोडियम नाही, आणि ते ओढूनताणून शोधूही नयेत. सिंधु-सौराष्ट्रातली माणसे खरोखर तशी होती का, याला त्या एका निरीक्षणापलीकडे आधार नाही. पण पद्धत पाहण्यासारखी आहे. समाजासमाजांच्या खाण्याची तुलना करून एका द्रव्याचा दूरगामी परिणाम ताडायचा, हा प्रयत्न त्यात स्पष्ट दिसतो.

आता त्या नावांतले 'सिंधु' हे नाव पुन्हा वाचा. सैंधव म्हणजे सिंधु देशातले. ज्या लोकांचा दाखला देऊन मीठ जपून खा म्हटले आहे, त्यांतल्या सिंधुवासीयांच्या हाताशी असलेले मीठ बहुधा हेच, खाणीतले, उत्तम जातीचे सैंधव होते. इशारा त्यांनाही लागू होता.

मग सैंधवाची थोरवी कुठून आली? तीही ग्रंथांतूनच, आणि ती खोटी नाही. चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्या अध्यायात पाच लवणे सांगितली: सौवर्चल, सैंधव, बिड, औद्भिद आणि सामुद्र. सामुद्र म्हणजे आपल्या मिठागरांतले, औद्भिद म्हणजे जमिनीतून वर येणाऱ्या क्षारापासूनचे. पुढे पंचविसाव्या अध्यायात प्रत्येक वर्गातले सर्वांत हितकर आणि सर्वांत अहितकर द्रव्य कोणते याची यादी आहे. तिच्यात लवणांमध्ये सैंधव पहिले आणि ऊषर, म्हणजे खारपड जमिनीचे मीठ, शेवटचे. नित्य सेवनास योग्य अशा पदार्थांतही साठेसाळी (साठ दिवसांत तयार होणारा तांदूळ), मूग, आवळा, जव, तूप, मध यांच्या पंगतीत सैंधव आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ते लघु, फारसे उष्ण नसलेले, डोळ्यांना हितकर, जळजळ न करणारे आणि अग्नी वाढवणारे म्हटले आहे. त्याच ग्रंथात असाही संकेत आहे की औषधाच्या मिश्रणात नुसते 'लवण' म्हटले असेल तर सैंधवापासून सुरुवात करावी.

म्हणजे मिठांमध्ये कोणते बरे, हा एक प्रश्न. आणि मीठ किती, हा दुसरा. ग्रंथकारांनी दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी दिली. आज पाकिटावर छापायला पहिले उत्तर उचलले जाते आणि दुसरे वगळले जाते. सैंधवाला श्रेष्ठ म्हणणाऱ्या त्याच संहितेने त्याला अतिसेवनाच्या नियमातून कुठेही सूट दिलेली नाही.

रोगात तर हे आणखी उघड दिसते. चिकित्सास्थानात उदररोगाच्या, म्हणजे पोटात पाणी साठणाऱ्या विकारांच्या रोग्याने काय टाळावे ते सांगताना उष्ण, लवण, अम्ल, विदाही (जळजळ करणारे) आणि जड अन्न वर्ज्य केले आहे, आणि त्याच श्लोकात पाणी पिण्यालाही बंदी आहे. यकृत बिघडून पोटात पाणी झालेल्या रुग्णाला आजचे डॉक्टरही मीठ कमी करायला लावतात, काही अवस्थांत पाणीही मोजून देतात. कारणमीमांसा दोघांची वेगळी आहे, पण रुग्णाच्या पोटाकडे पाहून काढलेला निष्कर्ष जुळतो. दूधभाकरीवर किंवा नुसत्या दुधावर रोग्याला ठेवण्याची जी जुनी रीत आपल्याकडे होती, तिच्या मुळाशीही अळणी पथ्याचा हा विचार आहे.

दुसऱ्या बाजूला मीठ औषधही होते, हे विसरून चालणार नाही. शारंगधरसंहितेतल्या लवणभास्कर चूर्णात सामुद्र, सौवर्चल, बिड आणि सैंधव अशी चार लवणे येतात आणि ते ताकाबरोबर घेतात. हिंग्वाष्टकात सैंधव आहे. निरूह बस्तीचे, म्हणजे गुदमार्गाने द्यायच्या काढ्याचे, मिश्रण घोटताना मध आणि सैंधव आधी एकजीव करतात, मग स्नेह (तेल किंवा तूप) घालतात. ऋतूप्रमाणेही हात बदलतो. पावसाळ्यात वारा-पावसाच्या दिवशी आंबट-खारट-स्निग्ध चव पुढे ठेवायची, हेमंतात खारट चालते, ग्रीष्मात मात्र वाग्भट खारट, तिखट, आंबट तिन्ही टाळायला सांगतो. उन्हात घाम गाळणाऱ्या शेतमजुराला आज आपण मीठ-साखर-पाणी देतो, आणि ते योग्यच आहे. ग्रंथातला सल्ला सर्वसाधारण दिनचर्येचा आहे, उष्माघाताचा नव्हे.

वैद्यांच्या ग्रंथांबाहेर राजाच्या कोठारातही मीठ मोजले जात होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लवणाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. बाहेरून येणाऱ्या मिठाचा सहावा हिस्सा राजाचा, भेसळीच्या मिठाला मोठा दंड, आणि श्रोत्रिय (वेद शिकलेले ब्राह्मण), तपस्वी व वेठीचे मजूर यांना जेवणापुरते मीठ न्यायची मुभा. एका माणसाच्या शिध्याचे मापही दिले आहे: एक प्रस्थ (धान्याचे जुने माप) तांदूळ, त्याच्या चौथाई वरण, आणि वरणाच्या सोळावा हिस्सा मीठ. तांदळाच्या मानाने चौसष्टावा भाग. मिठावरच्या कराची ही परंपरा इंग्रजांनी फार क्रूरपणे ताणली आणि १९३० मध्ये दांडीनंतर धारासणाला, वडाळ्याला, शिरोड्याच्या मिठागरांवर माणसांनी लाठ्या खाल्ल्या. ज्या गांधीजींनी तो लढा उभारला त्यांनी दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांच्या आजारपणात, त्यांना पथ्य जमावे म्हणून, स्वतः मीठ आणि डाळ सोडली होती. मीठ गरिबाला मिळालेच पाहिजे आणि मीठ कमी खाल्ले पाहिजे, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात बसू शकतात.

आधुनिक वैद्यकात मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध १९०४ मध्ये फ्रान्समध्ये अँबार आणि बोझार यांनी मांडला. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर यांनी भात आणि फळे असा जवळजवळ अळणी आहार देऊन गंभीर रक्तदाबाचे रुग्ण सुधारून दाखवले. त्या काळी या विकारावर धड औषध नव्हते. १९८८ मध्ये इंटरसॉल्ट अभ्यास प्रसिद्ध झाला: ३२ देश, ५२ केंद्रे, १०,०७९ माणसे. भारतातून दिल्ली आणि लडाख ही दोन केंद्रे होती. त्यात ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोकही होते, ज्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नाही आणि ज्यांचा रक्तदाब वयाबरोबर चढत नाही. या अभ्यासाच्या आकडेमोडीवर पुढे बरेच वाद झाले, तरी मीठ कमी केल्याने रक्तदाब उतरतो हे नंतरच्या प्रयोगांनी पक्के केले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. भारतीयांचे सरासरी सेवन वेगवेगळ्या पाहण्यांत ८ ते ११ ग्रॅमच्या आसपास आढळले आहे.

या हिशेबात सैंधव कुठे बसते? त्यात ९५ टक्क्यांहून अधिक सोडियम क्लोराइडच असते. गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असतात, पण इतके थोडे की ते पुरेसे मिळावेत एवढे सैंधव खाल्ले तर त्यातल्या सोडियमनेच घात होईल. रक्तदाबापुरते बोलायचे तर साधे मीठ आणि सैंधव यांत धरण्यासारखा फरक नाही. पचायला कोणते हलके वाटते, जळजळ कशाने कमी होते, हा वेगळा विषय आहे आणि त्यात वैद्यांच्या अनुभवाला मान द्यावा.

एक फरक मात्र खरा आहे आणि तो उलट्या बाजूचा आहे: सैंधवात सहसा आयोडीन घातलेले नसते. गलगंड सुश्रुताला माहीत होता, त्याचे वर्णन निदानस्थानात आहे, पण आयोडीनची कमतरता हे कारण कळायला आधुनिक काळ यावा लागला. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात काही भागांत आयोडीनयुक्त आणि एका भागात साधे मीठ दिले. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण झपाट्याने उतरले. त्यातूनच १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. आयोडीनविरहित खाद्यमिठाच्या विक्रीवरची देशव्यापी बंदी १९९८ मध्ये आली, २००० मध्ये उठली, २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. घरात गर्भवती किंवा लहान मूल असताना आयोडीनयुक्त मीठ पूर्ण बंद करून सैंधवावर जाणे मला धोक्याचे वाटते, आणि हे ठामपणे सांगायला हवे.

ताटात मीठ नेमके कुठून येते, हेही पाहू. आपल्याकडे पंगतीत पहिले मीठ वाढतात, पण ती चिमूट क्वचितच दोषी असते. लोणचे, पापड, सुके मासे, फरसाण, बेकरीचा पाव, सॉस यांतून खरे मीठ जाते. पापडाचे पीठ भिजवताना त्यात मीठ पडते आणि पापडखारही पडतो. चरकाच्या तीन द्रव्यांपैकी लवण आणि क्षार अशी दोन त्या एका पातळ चकतीत एकत्र येतात, आणि पापडखार व खायचा सोडा दोन्ही सोडियमचेच क्षार असल्याने आधुनिक हिशेबातही ते मिठातच जमा होतात.

सवय लागलेल्यांचे काय, याचेही उत्तर विमानस्थानातच आहे. अति मिठाची सवय असणाऱ्यांनी ते क्रमाक्रमाने सोडणे श्रेयस्कर, असे चरक म्हणतो. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात या क्रमाची रीतच दिली आहे: अहितकर सवयीचा पाव हिस्सा आधी कमी करायचा, मध्ये दिवस जाऊ द्यायचे, मग पुढचा पाव. एकदम तोडले की शरीर बिथरते, हा त्यामागचा विचार. चवीच्या अभ्यासांतूनही असेच दिसते की कमी मिठाची जीभ काही आठवडे ते दोन-तीन महिन्यांत तयार होते. ब्रिटनने हाच मार्ग संपूर्ण देशासाठी वापरला. पाव आणि तयार पदार्थांतले मीठ उत्पादकांनी वर्षानुवर्षे थोडेथोडे उतरवत नेले, आणि २००१ च्या सुमारास ९.५ ग्रॅम असलेले सरासरी सेवन २०११ पर्यंत ८.१ ग्रॅमवर आले.

चीनमध्ये २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६०० गावांतल्या प्रयोगात निराळा उपाय वापरला: मिठातला चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइडचा. पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. असे मीठ आता आपल्याकडेही मिळते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाची लय बिघडू शकते.