नोकरी करता करता इंटरॅक्शन डिझाइनकडे वळायचंय? 'सीड'चा अर्ज भरण्याआधी हे वाचा

वाळूजच्या कारखान्यातला इंजिनिअर असो, लातूरच्या क्लासमधले मास्तर असोत की बँकेच्या शाखेतली कर्मचारी, रोज ज्या स्क्रीनवर आपण वैतागतो ती नीट करणं हाही एक पेशा आहे हे अनेकांना नोकरीला लागल्यावरच कळतं. या पेशाचं रीतसर शिक्षण म्हणजे दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.डेस., म्हणजे डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागामध्ये इंटरॅक्शन डिझाइन ही स्वतंत्र शाखा आहे. तिथे किंवा आयआयटी गुवाहाटी, दिल्ली, हैदराबाद अशा ठिकाणी जायचं तर आयआयटी मुंबई घेते ती 'सीड' (कॉमन एन्ट्रन्स एक्झामिनेशन फॉर डिझाइन) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नांदेडकरांना तर मुंबईपेक्षा हैदराबादच जवळ.

पात्रता

बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका हवी. शेवटच्या वर्षाला असाल तरी चालतं. वयाची अट नाही आणि कितीही वेळा बसता येतं, त्यामुळे 'आता या वयात?' हा प्रश्न निदान अर्जापुरता मिटला. दहावीनंतरचा पॉलिटेक्निक डिप्लोमा मात्र एकटा पुरत नाही. जीडी आर्ट ही कलेची पदविका घेतलेल्यांना वर एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो.

एक मेख आहे. सीडला पात्र म्हणजे संस्थेलाही पात्र, असं नाही. प्रत्येक संस्थेच्या अटी वेगळ्या, आणि काही जणी चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी मागतात. बीए, बीकॉम झालेल्यांनी आधी हव्या त्या संस्थेची माहितीपुस्तिका वाचावी, मगच फी भरावी. महिला, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना फी निम्मी असते.

कागदपत्रं

फोटो, सही आणि पदवी प्रमाणपत्र हा पाया. आपल्याकडे बरेच जण गुणपत्रिकेवर नोकरीला लागतात आणि पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातच पडून राहतं. संभाजीनगर असो की नांदेड, ते आधीच काढून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र हाताशी असू द्या.

खरी अडचण जातीच्या दाखल्यांची. सेतू केंद्रातून सवयीने मिळतो तो राज्याचा नमुना. इथे केंद्राचा लागतो. ओबीसींना केंद्रीय नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षातलं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र हवं. मराठा समाजासाठीचं राज्याचं एसईबीसी आरक्षण आयआयटीत लागू नाही. कुणबी दाखला असेल तर केंद्रीय ओबीसीचा मार्ग उघडतो. नसेल आणि उत्पन्न व जमिनीच्या अटीत बसत असाल (वर्षाला 8 लाखांच्या आत उत्पन्न, 5 एकरांपेक्षा कमी शेती), तर केंद्रीय नमुन्यातलं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र बघा. अर्ज साधारण ऑक्टोबरात सुरू होतात आणि तहसीलच्या फेऱ्यांना वेळ लागतोच, म्हणून ऑगस्टमध्येच उठा.

परीक्षा आणि पुढचं

जानेवारीत, रविवारी, एकूण तीन तास. भाग 'अ' संगणकावर एक तास, भाग 'ब' कागदावर हाताने, चित्रं काढून आणि लिहून, दोन तास. 'अ'मध्ये निवड झाली तरच 'ब' तपासतात. अंतिम गुणांत 'अ'ला 25 टक्के आणि 'ब'ला 75 टक्के वजन असतं. चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. चित्र स्वच्छ असावं, पण ते काय सांगतंय याला जास्त महत्त्व. गुण एकच वर्ष चालतात.

निकालानंतर प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज, मग मुलाखत आणि पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या निवडक कामांचा संग्रह. लोक इथे उगाच इंटरनेटवरच्या चकचकीत ॲपची नक्कल करतात. माझं मत विचाराल तर ई-पीक पाहणी घ्या, म्हणजे शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद करायचं सरकारी ॲप. बांधावर उभा राहिलेला शेतकरी, फोनला रेंज नाही, पिकाचा फोटो चढत नाही, शेवटी शेजारच्या पोराला बोलावतो. तो कुठे अडला, कशाला घाबरला, पोराने नेमकं कुठे बोट ठेवलं, हे टप्प्याटप्प्याने रेखाटा आणि शेजारी तुमचा बदल मांडा. कृषी सहायक, तलाठी, शिक्षक, नर्स यांच्याकडे असली निरीक्षणं ढिगाने असतात. नुकत्याच पदवी घेतलेल्या पोराकडे ती नसतात.

सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाचं ना-हरकत पत्र आणि अभ्यास रजेचा अर्ज प्रवेशाच्या आधीच द्या. खाजगीत असाल तर कार्यमुक्ती पत्र मागून ठेवा, प्रवेश घेताना ते लागू शकतं.