दारू सुटली, आता पगाराच्या दिवशी काय करायचं?

डिस्चार्ज घेऊन घरी निघताना आम्ही हा कागद सगळ्यांनाच देतो, खिशात ठेवा, फाइलीत नको.

पहिले काही आठवडे बरे जातात, मग एखाद्या संध्याकाळी सात-साडेसातला गाडी नेहमीच्या बारवरून जाते, चकण्याचा वास येतो आणि हात आपोआप ब्रेकवर जातो. हाच ट्रिगर, म्हणजे तलफ जागी करणारी गोष्ट. लोक म्हणतात टेन्शन आलं की माणूस पितो, खरंय, पण पगार झाला, भाच्याची हळद आहे, गटारी आली, तेव्हाही तलफ तेवढीच येते आणि तेव्हा कोणी सावध नसतं. म्हणून आनंदाच्या दिवसाची तयारी आधी करा. पगार झाल्या झाल्या पैसे बायकोच्या नाहीतर आईच्या खात्यावर टाका, रस्ता बदला, हळदीला जेवून डीजे सुरू व्हायच्या आत निघा. लोक बोलतील, बोलू द्या.

तलफ तासनतास राहत नाही, बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, तेवढा वेळ काढायचा. आधी पोटभर खा. ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेला गट) मीटिंगमध्ये भूक, राग, एकटेपणा, थकवा हे चार तपासायला सांगतात ते उगाच नाही, पुष्कळदा नुसती भूकच असते. (ए.ए. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच सुरू केलं, त्यातला एक सर्जन होता, त्यामुळे "आमचे हे इंजिनिअर आहेत, मीटिंगला कसे बसतील" हे आम्हाला सांगू नका.)

घरच्यांनो, दार उघडल्या उघडल्या तोंडाचा वास घेऊ नका. इतकी वर्षं फसवणूक झालीय, संशय येणारच, पण न पिता आलेल्या माणसाला ते लागतं, आणि मग "प्यायलोच असतो तर काय फरक पडला असता" हे डोक्यात सुरू होतं. त्यापेक्षा चहाचा कप हातात द्या, कप देताना जे कळायचं ते कळतंच!

आणि डायसल्फिरमची, म्हणजे दारू सोडवण्यासाठी देतात ती, गोळी भाजीत कालवून गुपचूप अजिबात देऊ नका. त्याला माहीत नसताना वरून दारू पोटात गेली तर उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, जिवावर बेततं. गोळी फक्त डॉक्टरांनी सांगितली तर, आणि पेशंटला सांगूनच.

घसरलात तर लपवू नका, दुसऱ्याच दिवशी या, कोणी ओरडणार नाही. रात्री-बेरात्री आमचा फोन लागला नाही तर टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर करा, फुकट आहे, २४ तास चालू, मराठीत बोलता येतं.